टेबल दिसतं, पण चालत नाही: दोष इंजिनाचा की कॅटलॉगचा?

काल स्पार्कमध्ये तयार केलेलं टेबल आज ट्रिनो या दुसऱ्या क्वेरी इंजिनातून उघडायला जावं, यादीत त्याचं नाव दिसावं, आणि क्वेरी टाकताच ‘हे टेबल वाचता येत नाही’ असं उत्तर यावं. किंवा मर्ज (असलेल्या ओळी बदलून नव्या घालणारी आज्ञा) लिहावं, स्पार्कने सांगावं की या टेबलावर मर्ज चालत नाही, आणि शेजारच्या क्लस्टरवर तीच आज्ञा बिनबोभाट चालावी. अशा वेळी आपण आधी इंजिनाची आवृत्ती तपासतो, मग फाइल फॉरमॅटवर संशय घेतो. माझा अनुभव असा, की गाठ बहुतेक वेळा तिसऱ्याच ठिकाणी असते: त्या टेबलाची नोंद ठेवणाऱ्या कॅटलॉगमध्ये.

‘अमुक इंजिन आइसबर्गला सपोर्ट करतं का?’ हा प्रश्न (आइसबर्ग हा एक टेबल फॉरमॅट) म्हणूनच अर्धा आहे. कोणत्या कॅटलॉगमधून, कोणत्या कनेक्टरने, आणि वाचण्यासाठी की लिहिण्यासाठी, हे जोडल्याशिवाय त्याला उत्तर देता येत नाही. हा प्रश्न पूर्ण कसा करायचा आणि उत्तर स्वतः कसं शोधायचं, ते खाली क्रमाने लिहिलं आहे. हाताशी एखादं अडलेलं टेबल असेल तर ते समोर ठेवूनच वाचा.

आधी थर वेगळे करा

सगळ्यात खाली फाइल्स असतात: पार्के, ओआरसी, एव्हरो. त्यांच्यावर टेबल फॉरमॅट: जुना हाइव्ह पद्धतीचा, आइसबर्ग, डेल्टा किंवा हुडी. कोणत्या फाइल्स आज टेबलाचा भाग आहेत, हे टेबल फॉरमॅट ठरवतो. त्याच्यावर कॅटलॉग, जो नावावरून टेबलापर्यंत नेतो. आणि इंजिनाच्या पोटात कनेक्टर, जो कॅटलॉगची नोंद वाचून तिचा अर्थ लावतो. टेबल ‘चालणं’ म्हणजे या चौघांचं एकमत होणं.

यातला सर्वात रुळलेला कॅटलॉग म्हणजे हाइव्ह मेटास्टोअर. फाइल्सवर एसक्यूएल चालवणारं हाइव्ह फेसबुकमध्ये तयार झालं आणि २००८ मध्ये मुक्त स्रोत झालं. त्याचं मेटास्टोअर ही थ्रिफ्ट या प्रोटोकॉलवर बोलणारी सेवा आहे, सहसा ९०८३ पोर्टवर ऐकणारी, आणि तिच्या मागे मायएसक्यूएल किंवा पोस्टग्रेससारखा साधा रिलेशनल डेटाबेस असतो. त्यात टेबलाचं नाव, कॉलम आणि त्यांचे प्रकार, फाइल्सचं ठिकाण, त्या वाचायच्या वर्गांची नावं, पार्टिशनची यादी आणि शेवटी गुणधर्मांच्या जोड्या, म्हणजे एक किल्ली आणि एक मूल्य, एवढं मावतं. टेबल म्हणजे एक फोल्डर आणि पार्टिशन म्हणजे त्यातलं उपफोल्डर, हे या रचनेचं गृहीतक आहे.

नंतर आलेल्या प्रत्येक फॉरमॅटला हे गृहीतक अपुरं पडलं. पण मेटास्टोअर सगळीकडे बसलेलं होतं, म्हणून प्रत्येकाने आपली जास्तीची माहिती किंवा तिचा पत्ता त्या गुणधर्मांच्या पिशवीत कोंबला. आज आपल्याला येणाऱ्या निम्म्या अडचणी या पिशवीतून निघतात.

पायरी १: नोंद उघडून वाचा

अंदाज बांधण्याआधी नोंद पाहा. स्पार्कमध्ये ‘डिस्क्राइब टेबल एक्स्टेंडेड’ आणि ‘शो क्रिएट टेबल’ या आज्ञा आहेतच, पण इंजिन तुम्हाला नोंद स्वतःच्या चष्म्यातून दाखवतं आणि आपल्या खासगी किल्ल्या बऱ्याचदा लपवतं. शक्य असेल तर मेटास्टोअरच्या मागच्या डेटाबेसमध्ये फक्त वाचण्याच्या परवानगीने जा आणि टेबल-गुणधर्मांचा तक्ता थेट पाहा. तिथे चार गोष्टी शोधा.

‘स्पार्क.एसक्यूएल.सोर्सेस.प्रोव्हायडर’ ही किल्ली असेल, तर टेबल स्पार्कने स्वतःच्या पद्धतीने नोंदवलेलं आहे. ‘टेबल_टाइप’ या किल्लीत आइसबर्ग असेल आणि जोडीला ‘मेटाडेटा_लोकेशन’ असेल, तर ते आइसबर्ग टेबल आहे. ‘ट्रान्झॅक्शनल’ खरं असेल, तर ते हाइव्हचं एसिड, म्हणजे व्यवहार सुरक्षित ठेवणारं, टेबल आहे. त्याच्या फोल्डरातल्या डेल्टा उपफोल्डरांचा अर्थ साध्या स्पार्कला कळत नाही. (त्या डेल्टाचा डेल्टा लेकशी काही संबंध नाही. या नामसाम्याने अनेकांचा वेळ खाल्ला आहे.) यातलं काहीच नसेल, तर ते साधं हाइव्ह टेबल आहे आणि बहुतेक इंजिनं ते वाचतात.

पहिल्या किल्लीवर थोडं थांबू. हाइव्ह कॉलमची नावं लहान अक्षरांत (लोअरकेस) ठेवतं. स्पार्कला मोठी-लहान अक्षरं जशीच्या तशी हवी असतात. म्हणून स्पार्क आपला पूर्ण स्कीमा (कॉलमची नावं आणि प्रकार) जेसॉनमध्ये लिहून गुणधर्मांमध्ये ठेवतो. एका मूल्याच्या लांबीला मर्यादा असल्यामुळे हा जेसॉन तुकडे करून साठवला जातो, आणि तुम्हाला ‘पार्ट.०’, ‘पार्ट.१’ अशा किल्ल्या दिसतात. पार्केसारख्या ओळखीच्या फॉरमॅटसाठी स्पार्क सोबत हाइव्हला कळेल अशी नोंदही करतो. ते जमलं नाही, तर लॉगमध्ये एक इशारा लिहून जातो, की ही नोंद फक्त स्पार्कपुरती आहे, हाइव्हशी सुसंगत नाही.

तो इशारा कोणी वाचत नाही. परिणाम मात्र दुसऱ्या इंजिनात दिसतो: पंचवीस कॉलमच्या टेबलाऐवजी ‘कोल’ नावाचा एकच कॉलम, प्रकार ‘स्ट्रिंगचा अ‍ॅरे’. हे दृश्य दिसलं की ट्रिनो किंवा हाइव्हच्या सेटिंग्जशी झटापट करू नका. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? नोंदच स्पार्कच्या खासगी भाषेत आहे. टेबल सुसंगत पद्धतीने पुन्हा नोंदवा, किंवा त्या फॉरमॅटचा खास कनेक्टर वापरा.

पायरी २: सत्य कुठे राहतं ते ठरवा

या लेखातली एकच पायरी वाचायची असेल, तर ही वाचा. ‘आत्ता या टेबलात नेमकं काय आहे?’ याचं अंतिम उत्तर प्रत्येक फॉरमॅट वेगळ्या ठिकाणी ठेवतो, आणि कॅटलॉगचं वजन त्यावर ठरतं.

हाइव्ह पद्धतीत सत्य वाटलेलं असतं. कोणती पार्टिशनं आहेत हे कॅटलॉग सांगतो, पार्टिशनमध्ये कोणत्या फाइल्स आहेत हे फोल्डर सांगतं. त्यामुळे एखाद्या जॉबने नव्या फोल्डरात थेट फाइल्स टाकल्या आणि पार्टिशन नोंदवलं नाही, तर डेटा डिस्कवर असूनही क्वेरीत येत नाही. उपाय जुनाच आहे: हाइव्ह आणि स्पार्कमध्ये ‘एमएससीके रिपेअर टेबल’, ट्रिनोत पार्टिशन मेटाडेटा जुळवणारी प्रोसिजर. नोंद बरोबर असूनही जुनंच चित्र दिसत असेल, तर इंजिनाने ती आपल्या कॅशमध्ये धरून ठेवली असण्याची शक्यता मोठी. स्पार्कमध्ये ‘रिफ्रेश टेबल’ चालवा, इम्पाला या इंजिनात ‘इनव्हॅलिडेट मेटाडेटा’, आणि ट्रिनोत मेटास्टोअर कॅशची मुदत किती ठेवली आहे ते पाहा.

डेल्टामध्ये सत्य टेबलाच्या फोल्डरातल्या ‘_डेल्टा_लॉग’मध्ये असतं. कॅटलॉग फक्त पत्ता सांगतो. कॅटलॉगमधला स्कीमा शिळा झाला तरी डेल्टा समजणारं इंजिन लॉगवरच विश्वास ठेवतं. त्यामुळे एकच डेल्टा टेबल दोन कॅटलॉगांत नोंदवलं तरी फारसं बिघडत नाही, कारण दोन्ही वाटा एकाच लॉगपाशी पोचतात. हुडीचंही बरंचसं असंच: त्याची टाइमलाइन ‘.हुडी’ फोल्डरात राहते आणि कॅटलॉगमध्ये ती सिंक करून कळवली जाते. मर्ज-ऑन-रीड प्रकारचं हुडी टेबल सिंक झालं की कॅटलॉगमध्ये शेवटी ‘_आरओ’ आणि ‘_आरटी’ लागलेली दोन नावं दिसतात. पहिलं फक्त जुळवून झालेल्या फाइल्स वाचतं, दुसरं ताजे बदलही धरतं. आकडे जुळत नसतील तर आधी आपण कोणत्या नावावर क्वेरी टाकली ते बघा.

आइसबर्गची गोष्ट निराळी आहे. नेटफ्लिक्समध्ये सुरू झालेल्या या फॉरमॅटमध्ये प्रत्येक बदलानंतर नवी मेटाडेटा फाइल लिहिली जाते. तिच्यात स्नॅपशॉट (टेबलाची त्या त्या क्षणाची स्थिती), त्यांच्यामागे मॅनिफेस्ट याद्या (फाइल्सच्या याद्या), आणि त्यांच्यामागे प्रत्यक्ष डेटा फाइल्स. पण या अनेक मेटाडेटा फाइल्सपैकी चालू कोणती? ते फक्त कॅटलॉग सांगतो. ‘मेटाडेटा_लोकेशन’ ही किल्ली म्हणजे तोच निर्देशक. कमिट होणं म्हणजे हा निर्देशक जुन्या फाइलवरून नव्या फाइलवर एका अखंड क्रियेत सरकणं. मध्येच दुसऱ्या कोणी तो सरकवला असेल, तर आपला कमिट नाकारला जातो आणि लिहिणारा नव्या स्थितीवर पुन्हा प्रयत्न करतो.

म्हणजे आइसबर्गमध्ये कॅटलॉग हा व्यवहाराचाच भाग आहे. तो अशी अखंड अदलाबदल करू शकत नसेल, तर इंजिन कितीही आधुनिक असो, लिहिणं सुरक्षित नाही. हडूप कॅटलॉग नावाचा प्रकार फाइलचं नाव बदलण्याच्या क्रियेवर विसंबतो. हडूपच्या एचडीएफएस फाइल सिस्टिमवर ती अखंड असते, पण बहुतेक ऑब्जेक्ट स्टोअरवर (क्लाउडमधल्या फाइल-साठवणीवर) तशी नसते. प्रयोगासाठी तो ठीक; ऑब्जेक्ट स्टोअरवर अनेकांनी एकाच वेळी लिहायचं असेल तर नको. मेटास्टोअरवरचा आइसबर्ग कॅटलॉग आधी मेटास्टोअरचं कुलूप घेतो, निर्देशक तपासतो, बदलतो आणि कुलूप सोडतो. नव्या मेटास्टोअरमध्ये कुलुपाशिवाय तपासून बदलण्याचीही सोय आहे, पण एका टेबलावर लिहिणाऱ्या सर्वांनी एकच पद्धत पाळली पाहिजे. अर्धे कुलूप घेणारे आणि अर्धे न घेणारे असले, तर कमिट हरवतात.

एका म्यानात दोन तलवारी

मी पाहिलेला सर्वात महागात पडलेला घोळ इथलाच. एका प्रकल्पात एकच आइसबर्ग टेबल दोन कॅटलॉगांत नोंदवलं होतं, कारण एका संघाला एक सोयीचा होता आणि दुसऱ्याला दुसरा. पहिल्या दिवशी दोन्हीकडे सारखंच उत्तर आलं, म्हणून सगळे निश्चिंत झाले. मग दोन्हीकडून लिहिणं सुरू झालं. प्रत्येक कॅटलॉगचा निर्देशक स्वतंत्र. एकाचे कमिट दुसऱ्याला दिसेनात. कुठेही एरर नाही. काही दिवसांनी एका बाजूने जुने स्नॅपशॉट काढून टाकणारा देखभालीचा जॉब चालला. त्याने स्वतःच्या दृष्टीने निरुपयोगी झालेल्या फाइल्स पुसल्या, आणि दुसऱ्या बाजूची क्वेरी ‘फाइल सापडत नाही’ म्हणून कोसळली. कोणत्याच इंजिनाचं काही चुकलं नव्हतं.

नियम सरळ आहे: आइसबर्ग टेबलाचा लिहिणारा कॅटलॉग एकच. दुसरीकडे ते दाखवायचंच असेल तर फक्त वाचण्यापुरतं, आणि तिथला निर्देशक मागे पडू शकतो हे वाचणाऱ्याला सांगून.

पायरी ३: स्पार्कमध्ये नाव कुणाकडे जातं ते तपासा

स्पार्क ३.० जून २०२० मध्ये आला आणि त्याने कॅटलॉग बाहेरून जोडण्याची सोय आणली. तेव्हापासून स्पार्कमध्ये टेबलांच्या दोन पिढ्या नांदतात. पहिल्या पिढीच्या टेबलात स्पार्क वाचू आणि भर घालू शकतो, पण अपडेट, मर्ज किंवा कॉलमचं नाव बदलणं जमत नाही. दुसऱ्या पिढीच्या टेबलात कनेक्टर स्वतः आपल्या क्षमता जाहीर करतो, म्हणून ही कामं करता येतात. आणि टेबल कोणत्या पिढीचं म्हणून उघडायचं, ते कॅटलॉगच्या सेटिंगवर ठरतं.

‘या टेबलावर मर्ज चालत नाही’ असं उत्तर आलं, तर बऱ्याचदा टेबल डेल्टा किंवा आइसबर्गचंच असतं. फक्त त्या सत्रात योग्य कॅटलॉग जोडलेला नसतो. डेल्टासाठी ‘स्पार्क_कॅटलॉग’ या अंगभूत नावावर डेल्टाचा कॅटलॉग वर्ग बसवावा लागतो आणि डेल्टाचं एक्स्टेन्शन जोडावं लागतं. जार फाइल टाकली म्हणजे झालं, ही समजूत इथे दगा देते.

आइसबर्गमध्ये दोन वाटा आहेत. एक म्हणजे अंगभूत ‘स्पार्क_कॅटलॉग’वर आइसबर्गचा सेशन कॅटलॉग बसवायचा. तो आइसबर्ग टेबलं स्वतः हाताळतो आणि बाकीची मूळ कॅटलॉगकडे सोपवतो, त्यामुळे जुन्या क्वेरी न बदलता चालतात. दुसरी म्हणजे वेगळ्या नावाचा स्वतंत्र कॅटलॉग उभा करायचा आणि टेबलाला तीन भागांचं नाव द्यायचं: कॅटलॉग, डेटाबेस, टेबल. नवं काम असेल तर मी दुसरी वाट सुचवेन. नावावरूनच कळतं की टेबल कोणाच्या ताब्यात आहे, आणि चुकीच्या सत्रात ते अर्धवट चालण्याऐवजी स्वच्छ अडतं. पार्टिशन फील्ड बदलण्यासारख्या आज्ञांसाठी आइसबर्गचं एक्स्टेन्शनही लागतं, हे ध्यानात ठेवा.

आणखी एक: सेशनला हाइव्ह सपोर्ट चालू नसेल, तर स्पार्कचा अंगभूत कॅटलॉग केवळ मेमरीत असतो. सत्र संपलं की नोंद गेली. फाइल्स मात्र तिथेच. फ्लिंक या स्ट्रीम-प्रोसेसिंग इंजिनाचंही असंच आहे. त्याचा मुळातला कॅटलॉग मेमरीतला आहे, म्हणून टिकाऊ नोंदीसाठी हाइव्ह कॅटलॉग किंवा आइसबर्ग कॅटलॉग मुद्दाम तयार करावा लागतो. फ्लिंकच्या हाइव्ह कॅटलॉगमध्ये काफ्कासारख्या संदेश-प्रवाहाच्या स्रोताचं ‘जेनेरिक’ टेबलही ठेवता येतं. हाइव्हला ते नाव दिसतं, पण वाचता येत नाही. तो दोष नसून ठरलेली मर्यादा आहे.

पायरी ४: ट्रिनोत कनेक्टर कोणता ते पाहा

ट्रिनोमध्ये कॅटलॉग म्हणजे एक सेटिंग फाइल आणि तिच्यात एक कनेक्टर. एकच मेटास्टोअर हाइव्ह कनेक्टरने जोडलेलं असेल आणि आइसबर्ग कनेक्टरनेही, तर ट्रिनोच्या दृष्टीने ते दोन कॅटलॉग झाले. हाइव्ह कनेक्टरच्या यादीत आइसबर्ग टेबलाचं नाव दिसू शकतं, पण उघडायला गेलात तर तो स्पष्ट नकार देतो. लेखाच्या सुरुवातीचं कोडं ते हेच.

इथे पुनर्निर्देशनाची सोय आहे. हाइव्ह कनेक्टरच्या फाइलमध्ये आइसबर्गच्या कॅटलॉगचं नाव सांगितलं, की त्या प्रकारचं टेबल आलं तर ट्रिनो परस्पर तिकडे वळतो. डेल्टासाठीही असंच सांगता येतं. वापरणाऱ्यांना फॉरमॅटची काळजी करायला लावू नका, हे दोन्ही पुनर्निर्देशन पहिल्याच दिवशी लावून टाका.

वाचणं जमलं पण इन्सर्ट अडलं, तर टेबल एक्स्टर्नल (ज्याच्या फाइल्स मेटास्टोअरच्या ताब्यात नसतात असं) आहे का ते बघा. हाइव्ह कनेक्टर अशा टेबलांत लिहायला मुळात परवानगी देत नाही. ती सेटिंगमध्ये वेगळी द्यावी लागते.

पायरी ५: प्रत्येक क्रिया स्वतंत्र तपासा

‘सपोर्ट आहे’ हे एका शब्दात मावत नाही. एक छोटं चाचणी टेबल घ्या आणि प्रत्येक इंजिनातून एकेक क्रिया करून निकाल लिहून ठेवा: वाचन, इन्सर्ट, डिलीट, मर्ज, कॉलम जोडणं, कॉलमचं आणि टेबलाचं नाव बदलणं, जुना स्नॅपशॉट वाचणं, व्ह्यू, आकडेवारी, आणि सगळ्यात शेवटी ड्रॉप.

काही निकाल अनपेक्षित येतील. टेबलाचं नाव बदलणं हडूप कॅटलॉगमध्ये होतच नाही, कारण तिथे नाव म्हणजेच फोल्डर. व्ह्यू हा तर वेगळाच गुंता: ट्रिनो आपला व्ह्यू मेटास्टोअरमध्ये सांकेतिक रूपात साठवतो आणि स्पार्क आपल्या बोलीतलं एसक्यूएल ठेवतो. एकमेकांचे व्ह्यू चालतील असं धरून चालू नका. आइसबर्गच्या व्ह्यू रचनेत एकाच व्ह्यूची अनेक बोलींतली रूपं ठेवायची सोय आहे, पण ती रूपं कोणी तरी लिहावी लागतात.

आकडेवारीकडे सहसा कोणी बघत नाही, आणि तिथे वेग हरवतो. स्पार्कच्या ‘अ‍ॅनालाइझ’ने काढलेले कॉलमचे आकडे स्पार्कच्या स्वतःच्या किल्ल्यांमध्ये जातात, दुसरं इंजिन ते वाचेलच असं नाही. त्यामुळे स्पार्कमध्ये नीट जुळणारा जॉइन ट्रिनोत उलट्या क्रमाने होऊ शकतो. ज्या इंजिनातून क्वेरी चालणार, त्यातून अ‍ॅनालाइझ करा.

ड्रॉपबद्दल कळकळीने सांगतो. आइसबर्गच्या ०.१४ आवृत्तीपासून स्पार्कमधलं साधं ‘ड्रॉप टेबल’ फक्त नोंद काढतं; फाइल्स पुसायला ‘पर्ज’ म्हणावं लागतं. ट्रिनोच्या आइसबर्ग कनेक्टरमध्ये मात्र ‘ड्रॉप टेबल’ डेटाही पुसतं, आणि केवळ नोंद काढायला वेगळी प्रोसिजर आहे. शब्द तोच, परिणाम उलट. ही ओळ संघातल्या प्रत्येकापर्यंत पोचवा.

पायरी ६: नवा कॅटलॉग निवडताना

आइसबर्गने आरईएसटी (एचटीटीपीवरून बोलणाऱ्या) कॅटलॉगचा प्रोटोकॉल ठरवल्यापासून कमिटची जबाबदारी इंजिनाकडून सर्व्हरकडे गेली. इंजिन ‘माझ्या मते टेबल या स्थितीत आहे, त्यावर हे बदल कर’ असं सांगतं; तपासणं आणि निर्देशक सरकवणं सर्व्हर करतो. प्रत्येक इंजिनात प्रत्येक कॅटलॉगचा वेगळा क्लायंट लिहायची गरज त्याने संपते. शिवाय सर्व्हर त्या टेबलापुरती तात्पुरती स्टोरेज परवानगी इंजिनाला देऊ शकतो, म्हणजे संपूर्ण बकेटच्या चाव्या प्रत्येक क्लस्टरला वाटाव्या लागत नाहीत. मला हा फायदा सर्वात मोठा वाटतो.

पोलारिस, नेसी, लेककीपर, ग्रॅव्हिटिनो असे अनेक कॅटलॉग हा प्रोटोकॉल बोलतात. २०२४ मध्ये मुक्त स्रोत झालेला युनिटी कॅटलॉगही त्या वाटेवर आहे. तरी ‘आरईएसटी आहे’ एवढ्यावर निवड करू नका. व्ह्यू आहेत का, अनेक टेबलांचा एकत्र कमिट आहे का, एकात एक नेमस्पेस (टेबलांच्या नावांचे गट) चालतात का, तात्पुरती परवानगी तुमच्या इंजिनाच्या आवृत्तीला समजते का, हे पायरी ५ च्या चाचणीने तपासा. आणि तुमच्याकडे साधी हाइव्ह टेबलं उरली असतील, तर आइसबर्ग आरईएसटी कॅटलॉग त्यांना सांभाळणार नाही. त्यांच्यासाठी मेटास्टोअर चालूच ठेवावं लागेल.

पायरी ७: टेबल हलवताना

क्रम चुकवू नका. आधी जुन्या कॅटलॉगवरून लिहिणारे सगळे जॉब थांबवा, देखभालीचे जॉबही. मग जुन्या नोंदीतलं ‘मेटाडेटा_लोकेशन’ टिपून घ्या. नव्या कॅटलॉगमध्ये ‘रजिस्टर टेबल’ प्रोसिजरने तीच मेटाडेटा फाइल देऊन नोंद करा. डेटा हलत नाही. ट्रिनोत ही प्रोसिजर मुळात बंद असते, सेटिंगमधून चालू करावी लागते. दोन्हीकडून चालू स्नॅपशॉटचा क्रमांक वाचा आणि तो सारखा आहे ना ते पाहा; केवळ ओळींची संख्या जुळणं पुरेसं नाही. मग जुनी नोंद काढा: स्पार्कमधून पर्ज न म्हणता, ट्रिनोतून नोंद काढण्याच्या प्रोसिजरने. घाईत ट्रिनोचं ड्रॉप वापरलं, तर नव्या नोंदीखालचा डेटाही जाईल.

जुनी नोंद काही दिवस ठेवायचीच असेल, तर आधी जुन्या कॅटलॉगकडची त्या टेबलावर लिहिण्याची परवानगी काढून घ्या, आणि त्या फोल्डरावरची स्टोरेजची लिहिण्या-पुसण्याची परवानगी फक्त नव्या कॅटलॉगच्या वाटेने मिळेल असं करा. त्यानंतरच थांबवलेले जॉब नव्या नावावर सुरू करा.